निम्मी रक्कम

परशाचा जुगार साऱ्या वडगावला ठाऊक होता.
चहाच्या गाड्यापाशी चौघांत उभा राहून
शेवटच्या ओव्हरवर पैसे लावायचा.
जिंकला की गल्लीभर कुंदा,
हरला की कुणाच्या तरी स्कूटरला लाथ.
त्याच्या हरण्यालाही आवाज होता.

मग एका रविवारी अनगोळचे दोघे आले,
चपला न काढता आत बसले,
आणि दादांनी चारातले दोन माग विकले.
आईनं त्याला सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं,
कपाळभर भंडारा लावून शपथ घातली.
मामा म्हणाला, पोरगंच की ते, घसरतोय पाय एखाद्याचा.
आता लग्नाकार्यात ती गोष्ट निघते,
लहानपणीच्या टायफॉइडची निघावी तशी,
आणि तोही हसतो, भात कालवत.

माझ्या गोष्टीला गल्ली नाही.
साडेअकरानंतरची मोरी आहे, तिथंच रेंज येते,
आणि तळहाताएवढा उजेड.

पहिल्या रात्री खेळानं विचारलं, भाषा कुठली?
कन्नड, मराठी, हिंदी, तेलुगू.
ज्या पाट्यांवरून इथं तीन पिढ्या भांडल्या
त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.
मराठीवर बोट ठेवलं.
म्हणाला, स्वागत आहे, विजेत्या!
यालाही मी पोरगाच वाटले.

परशा जिंकायला खेळायचा.
मी कशाला खेळते, ते सांगायला गेलं तर हसाल.
दिवसभर शेटच्या दुकानात साड्यांच्या घड्या,
घरी भाकऱ्या, अंथरुणातली आत्या,
आणि चिकोडीचं स्थळ, ज्याला नोकरी करणारी चालते
पण बोलणारी नको.
फिरत्या लिंबा-चेरींसमोर बसलं
की अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही.
त्या अर्ध्या तासाचे पैसे दिले मी.
आधी वीस रुपये.
मग पगारातले.
मग कानातली बारकी फुलं, "हरवली".
मग संघाच्या बायकांचे हप्ते,
जे माझ्याकडे ठेवतात
कारण मी बारावी झालेली, आणि पोरीची जात,
पोरगी कुठं उडवणार आहे?

जुगारी म्हटलं की शब्दालाच मिशी फुटते.
माझ्यापुरता एखादा शब्द शोधला.
बाईला म्हणून जे सापडले
ते सगळे दुसऱ्याच धंद्याचे होते.

काल परशा पाणी प्यायला उठला.
स्क्रीन त्याच्याकडं नव्हती.
नुसता माझा अंगठा बघितला त्यानं,
दाबतोय, थांबतोय, दाबतोय,
आणि तांब्या तसाच खाली ठेवला.
"किती?"
"अठरा हजार."
"म्हणजे छत्तीस."
मी काही बोलले नाही.
"मीबी निम्मंच सांगत होतो की गं."

बादली पालथी घालून बसला तो.
शेजारच्या घरात रातपाळीचा माग चालू होता,
खटखट खटखट, आमच्या विकलेल्या दोघांसारखा.
"दादांना सांगूया."
"तुझ्या वेळी माग विकले.
माझ्या वेळी मला उजवून टाकतील,
आणि ते चिकोडीवाल्याच्या कानावर गेलं
तर तेही नाही."
त्यानं तोंड उघडलं.
मला वाटलं, आता म्हणेल, पोरगीच की ती, घसरतोय पाय.
पण ते वाक्य त्याला पाठ असूनही
स्त्रीलिंगी होईना.
"संघाची वही दाव उद्या," एवढंच म्हणाला.
"आणि फोन?"
"माझ्याकडं नको देऊस," तो घाईनं म्हणाला,
"आईच्या डब्यात टाक. तांदळात."

फोन दोघांच्या मध्ये फरशीवर होता.
तेवढ्यात तो आपणहून उजळला:
विजेत्या, आजचा बोनस वाट बघतोय.
आम्ही दोघांनी वाचलं.
मग मी त्याच्या हाताकडं पाहिलं, त्यानं माझ्या.
दोन्ही अंगठे किंचित हलले होते.